सामाईक

आमची आजी दोन शब्द उच्चारत नसे. एक सापाचा. दिवेलागणीनंतर तिच्या तोंडी तो 'जनावर' होई. दुसरा शब्द 'गहाण', आणि त्याला तर भर दुपारीही मनाई होती. कोणाची जमीन वा दागिना सावकाराकडे गेल्याचे सांगायचे असले, तर ती "त्यांचं तिकडे आहे" एवढेच म्हणे. तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायचे नसे.

याचे कारण आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. आजीच्या वडिलांची कलमांची बाग ती आठ-नऊ वर्षांची असताना मुदतखरेदीने गेली होती. मुदतखरेदी हा शब्द आता जुन्या दस्तांतच राहिला आहे. कागद खरेदीखताचा, पण त्यात एक अट घातलेली: अमुक तारखेच्या आत रक्कम परत केल्यास जमीन परत, न केल्यास खरेदी कायम. आजीचे वडील पैसे घेऊन निघाले तो दिवस मुदतीच्या नंतरचा होता, की पैसेच कमी पडले, याविषयी घरात दोन मते होती. आजी दोन्ही मते शांतपणे ऐके आणि उठून चुलीकडे जाई.

आपल्या भाषेत कर्जासाठी वस्तू अडकवण्याचे शब्द मोजून पाहावेत, इतके आहेत. कब्जेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात जाते आणि तिचे उत्पन्न तो व्याजापोटी खातो. नजरगहाणात जमीन तुमच्याकडेच राहते, तुम्हीच कसायची. सावकाराची फक्त नजर तिच्यावर. 'गहाण' या मूळ शब्दाचे नाते संस्कृत 'ग्रहण'शी लावतात. इंग्रजांनी याच गोष्टीसाठी वापरलेला 'मॉर्टगेज' हा शब्द जुन्या फ्रेंचमधला, आणि त्याचा अर्थ 'मृत तारण' असा होतो. आमच्या आजीला फ्रेंच येत नव्हते; तरी शब्दाच्या पोटातला अर्थ तिला बरोबर कळला होता, असे म्हणावे लागते.

या आजीच्या दोन नातवंडांनी, वयाच्या पंचविशीच्या आत, रत्नागिरीत पाच लाखांचे गृहकर्ज काढून एक सदनिका घेतली, आणि तीही राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. त्याची ही हकिकत आहे. 'आम्ही' हे येथे लेखकाचे आदरार्थी बहुवचन नाही. आम्ही खरोखरच दोघे आहोत, बहीण आणि भाऊ; थोरली बहीण. लेखही दोघांनी मिळून लिहिला आहे, आणि तो वाटतो तितका सहज लिहिला गेलेला नाही.

आमचे गाव राजापूर तालुक्यातले. घराणे कुळांचे, खोतांचे नव्हे. कोकणातल्या जमिनीविषयी जे साहित्य आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो, ते बहुतेक खोताच्या ओटीवरून पाहिलेले असते. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड (१९८७) आम्ही दोघांनीही एका सुट्टीत वाचले आणि भारावून गेलो. पण वाचताना सतत वाटत राहिले, की आपले पणजोबा या कादंबरीत असलेच तर अंगणात, पायरीच्या खाली उभे असणार. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ती कायद्याने गेली १९४९च्या अधिनियमाने. कूळकायदा १९४८चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कुळे जमिनीची मालक होण्याचा दिवस ठरला. आमच्या पणजोबांचे नाव त्यानंतर सातबाऱ्यावर आले. घरात त्या उताऱ्याची एक जीर्ण नक्कल देव्हाऱ्याच्या फळीवर, पोथ्यांच्या शेजारी असे.

पुढे काय झाले ते कोकणातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पणजोबांना चार मुलगे. त्या चौघांना मिळून अकरा मुलगे आणि नऊ मुली. जमीन तेवढीच, नावे वाढत गेली. कोणी मुंबईला गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बेस्टमध्ये. वारसनोंद करण्याचा आळस इतका, की आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा उताऱ्यावरच्या सत्तावीस नावांपैकी निदान दहा माणसे हयात नव्हती. गोगोलच्या 'डेड सोल्स'मध्ये (१८४२) चिचिकोव्ह नावाचा गृहस्थ गावोगाव फिरून मेलेले भूदास विकत घेतो. दोन जनगणनांच्या मधल्या काळात ते कागदोपत्री जिवंतच असतात, आणि तेवढ्या जोरावर त्यांना गहाण ठेवून कर्ज उचलण्याचा त्याचा बेत असतो. एम.ए.ला ही कादंबरी नेमलेली नव्हती, पण ज्या प्राध्यापकांनी ती वाचायला दिली त्यांना आम्ही सांगितले होते, की सर, चिचिकोव्ह राजापूर तालुक्यात आला असता तर त्याचे काम एका दिवसात झाले असते. फरक एवढाच, की आमच्याकडच्या मृतांवर कोणी कर्ज दिले नसते. जिवंतांवरही देत नव्हते. हे आम्हांला २००५ साली बँकेत कळले.

त्यावेळी आम्ही नाचण्याला एका खोलीत भाड्याने राहत होतो. भाऊ बी.कॉम. होऊन मिरजोळे औद्योगिक वसाहतीतल्या एका आंबा प्रक्रिया कारखान्यात हिशेब लिहीत असे. बहीण मराठीत एम.ए. करून तासिका तत्त्वावर शिकवत असे. 'तासिका तत्त्व' म्हणजे काय हे या लेखाच्या वाचकांना समजावून सांगणे हा त्यांचा अपमान होईल. तत्त्व हा शब्द इतक्या कमी पैशांत इतरत्र कुठे वापरला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. संध्याकाळी दोघेही शिकवण्या घेत असू. खोलीचा करार अकरा महिन्यांचा, आणि दर अकरा महिन्यांनी मालकीणबाई "यंदा बघा, मुलाचं लग्न आहे" असे सांगून भाडे वाढवीत. मुलाचे लग्न काही होईना.

रविवारी आम्ही थिबा राजवाड्याकडे फिरायला जात असू. ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा १८८६ साली रत्नागिरीत आणला गेला, आणि १९१० साली राजवाडा बांधून होईपर्यंत सरकार देईल त्या बंगल्यात राहिला. राजवाड्यात त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षे आली. १९१६ साली तो वारला. वास्तू कायम सरकारचीच. आमच्यातला एकजण त्याला रत्नागिरीतला सर्वांत थोर भाडेकरू म्हणत असे. पश्चिमेकडच्या सज्जाखाली उभे राहून, खाडीकडे पाहत, आम्ही हप्त्यांचे हिशेब करीत असू.

हिशेब असा होता. कुवारबावला, रेल्वे स्टेशनच्या वाटेवर, एका तीन मजली इमारतीत चारशे पंचवीस चौरस फुटांची सदनिका पाच लाख नव्वद हजारांना मिळत होती. पाच लाख कर्ज, आठ टक्के व्याज, पंधरा वर्षे: हप्ता ४,७७८ रुपये. स्टेशन आणि औद्योगिक वसाहत जवळ असल्याने भाडे अडीच हजार सहज येईल. उरलेले बावीस-तेवीसशे आम्ही दोघांनी घालायचे, आणि स्वतः मात्र नाचण्याच्या खोलीतच राहायचे. आमच्या मित्रमंडळींना हे विक्षिप्त वाटले. घर घेतले आणि त्यात राहत नाहीत! पण गुंतवणूक हा शब्द आम्ही तेव्हा नव्यानेच शिकलो होतो, आणि नवा शब्द शिकलेल्या माणसाप्रमाणे तो जिथे तिथे वापरत होतो.

बँकेतल्या साहेबांनी प्रथम विचारले, "वडिलांची काही मालमत्ता?" आम्ही अभिमानाने सातबारा पुढे केला. त्यांनी तो वाचला. वाचून झाल्यावर, ज्या सौजन्याने वधूपिता पत्रिका परत करतो, त्या सौजन्याने परत केला. शेतजमीन, सामाईक, वाटप नाही, ताब्याचा पुरावा नाही. मग बहिणीचे मानधनपत्र पाहिले आणि तेही परत केले. तासिकांचे उत्पन्न हे उत्पन्न धरता येत नाही. उरला भावाचा पगार. तो जेमतेम पुरला. बहीण सहकर्जदार म्हणून आली, म्हणजे फेडण्याची जबाबदारी तिची पूर्ण, उत्पन्न मात्र शून्य.

त्या दिवशी एस.टी.ने परतताना आम्हांला एक गोष्ट उमगली. पणजोबांना कायद्याने दिलेली, आजोबांनी कसलेली, साडेतीन एकर जमीन आम्हांला एक रुपयाचेही कर्ज मिळवून देऊ शकत नव्हती. आणि जी सदनिका अजून आमची नव्हती, तिच्याच तारणावर तीच विकत घेण्याचे पैसे मिळत होते. बँक त्यासाठी जमिनीला हातही लावत नाही. मूळ दस्त आपल्या तिजोरीत ठेवून घेते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाला एवढ्याने गहाण झालेले चालते. म्हणजे जुन्या भाषेत नजरगहाणच. आजीच्या बापाला घाबरवणारी ती नजर आता वातानुकूलित खोलीत बसून चहा पाजत होती.

वरच्या नव्वद हजारांचा आणि मुद्रांक-नोंदणीच्या खर्चाचा प्रश्न होता. भावाची शिल्लक, बहिणीचे उत्तरपत्रिका तपासणीचे पैसे, टपाल कचेरीतल्या वडिलांनी भीत भीत काढून दिलेले वीस हजार. तरी पंचवीस-तीस कमी पडत होते. आजीला कोणी सांगितले कोण जाणे. तिने पाटल्या काढून समोर ठेवल्या. आम्ही म्हणालो, सोनेतारण कर्ज काढू, वर्षात सोडवून आणू. तेव्हा आजीने आयुष्यात प्रथमच तो शब्द उच्चारला. "गहाण नको. विका. विकलेलं विसरता येतं. तिकडे राहिलेलं रोज आठवतं."

विकल्या. सोने तेव्हा तोळ्याला सात हजारांच्या आसपास होते. गुंतवणुकीचा हिशेब येथे प्रामाणिकपणे सांगायचा तर असा, की २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा ओलांडला. कुवारबावच्या सदनिकेची किंमत तेवढ्या काळात चौपटीच्या आतबाहेर गेली. सर्वांत शहाणी गुंतवणूक आमच्या आजीच्या हातात होती, आणि ती मोडून आम्ही गुंतवणूकदार झालो. असो.

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत संगणकासमोर बसून आमचे फोटो निघाले, अंगठे उमटले. थोरली म्हणून बहिणीचे नाव आधी आणि भावाचे नंतर. सूची क्रमांक दोनवर ती दोन नावे छापून आली. दोनच. सत्तावीस नावांच्या घरातून आलेल्या माणसांना दोन नावांचा कागद हातात घेऊन काय वाटले असेल, हे आम्ही लिहीत बसत नाही.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २००६च्या दिवाळीनंतर, आत्या आली.

आत्या परळच्या चाळीत राहणारी, गिरणी कामगाराची बायको. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ती दोन मुलांना घेऊन गावी आली होती आणि पुढची दीड-दोन वर्षे त्याच साडेतीन एकरांतल्या भातावर ते कुटुंब जगले. ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती आणि कोणी बोलून दाखवत नसे. २००६ साली अणुऊर्जा प्रकल्पाच्या चर्चेने आमच्या तालुक्यात जमिनीचे दलाल फिरू लागले होते. एका खरेदीदाराला आमचा तुकडा हवा होता. पण त्याची अट, नावे कमी करा. म्हणून वडिलांनी आणि काकांनी बहिणींकडून हक्कसोडपत्रे करून घ्यायचे ठरवले. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती १९९४ सालीच केली होती, आणि ९ सप्टेंबर २००५पासून तर केंद्राचा कायदाही आला होता. कायदा झाला होता म्हणूनच खरे तर हक्कसोडपत्राची घाई होती. हक्क नसता तर सोडायला कोण सांगणार?

आत्याने सही केली. बदल्यात साडीचोळी मिळाली, तशी रीत आहे. खरेदीदार गावात आला तो आत्याचा दस्त नोंदल्यानंतर. एका चुलत काकाने ऐन वेळी नाही म्हटले, व्यवहार मोडला, आणि जमीन होती तिथेच राहिली. फक्त आत्याचे नाव गेले. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. संपात त्या भातावर जगलेली आमची आत्या त्या सहीनंतर कायद्याच्या लेखी शेतकरी राहिली नाही.

परतीच्या गाडीच्या आदल्या रात्री ती नाचण्याच्या खोलीत मुक्कामाला होती. "तुमचा कागद दाखवा गो," म्हणाली. आम्ही दाखवला. तिला वाचता येत असे, हळूहळू, बोट ठेवून. पहिल्या नावावर बोट ठेवून तिने भाचीकडे पाहिले. "तुझं पयलं आहे." मग थोडे थांबून, "तुझी सही मागतील तेव्हा साडी तरी नीट बघून घे." आम्ही तिघेही हसलो. भाऊ सर्वांत मोठ्याने हसला, असे बहिणीचे म्हणणे आहे. भावाला ते आठवत नाही.

कर्ज तरत्या व्याजदराचे होते. 'तरता' हे विशेषण निवडणाऱ्याला कोकणातल्या होड्यांची माहिती नसावी. तरणारी वस्तू बुडूही शकते, हे आमच्याकडे मुलाला सांगावे लागत नाही. पहिल्या हप्त्यातले ३,३३३ रुपये व्याजाचे होते आणि मुद्दलाचे १,४४५. तेवढे आम्ही समजून होतो. पुढे दर चढत गेले. जुलै २००८मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर नऊ टक्क्यांवर गेला आणि आमचे कर्ज साडेअकरावर. हप्ता वाढला नाही. बँकेने मुदत वाढवली. तीन वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यानंतर बारा वर्षे उरायला हवी होती. पत्र आले त्यात २४४ महिने लिहिलेले होते. वीस वर्षे आणि चार महिने. साडेचार लाखांच्या शिलकीवर महिन्याचे व्याजच ४,३१२ होत होते; ४,७७८मधून मुद्दलाला जात होते साडेचारशे. आम्ही ते पत्र तीनदा वाचले. आपण पुढे चाललो आहोत असे समजून मागे जात होतो.

त्याच पावसाळ्यात भावाचा कारखाना बंद पडला. भाडेकरू, रेल्वेतले एक सद्गृहस्थ, बदली होऊन गेले. आणि त्याच सुमारास बहिणीचे एक स्थळ जवळजवळ ठरत आले असताना त्या मंडळींनी विचारले, "कर्जात मुलीचे नाव आहे म्हणे?"

येथून पुढच्या दोन परिच्छेदांचे आम्ही निरनिराळे खर्डे केले होते, आणि ते एकमेकांना दाखवल्यावर दोन्ही फाडले. जे दोघांना मान्य आहे ते एवढे. भाऊ हप्ता पुढे ढकलता येईल का हे विचारायला बँकेत गेला. तेथे त्याला सल्ला मिळाला, की बहिणीचे लग्न व्हायचे आहे, तिच्याकडून हक्कसोड करून घ्या, तुम्हांला नोकरी लागली की कर्ज एकट्याच्या नावे करू, सगळे मोकळे होईल. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. भावाने तो घरी येऊन सांगितला, तोही वाईट हेतूने नव्हे. बहिणीवरचे ओझे उतरेल, लग्न अडणार नाही, असे त्याला वाटले. बहिणीने विचारले, "साडी आणली आहेस का?"

त्यानंतर आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ज्या 'आम्ही'ने हा लेख लिहिला आहे तो त्या आठ महिन्यांत अस्तित्वात नव्हता. बहीण वसतिगृहात राहायला गेली. हप्ता मात्र चुकला नाही. महिन्याच्या पाच तारखेच्या आत दोघेही आपापला अर्धा भाग खात्यात भरत होतो, आणि पासबुकात एकमेकांच्या नोंदी पाहत होतो. स्थळ मोडले. ते का मोडले याविषयी दोन मते आहेत. आजी असती तर ती ऐकून चुलीकडे गेली असती. ती त्या थंडीत गेली. तिच्या दहाव्याला आम्ही एका पंगतीत बसलो आणि बोललो नाही.

कोकणात पश्चिमेची भिंत हा एक स्वतंत्र विषय आहे. जून २००९च्या पहिल्या जोराच्या पावसात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी निरोप पाठवला, की तुमच्या बंद सदनिकेतून पाणी झिरपते आहे. निरोप दोघांनाही गेला. भाऊ संध्याकाळी पोचला तेव्हा दार उघडे होते. बहीण पदर खोचून, खिडकीखालच्या गळतीखाली बादली ठेवून, जमिनीवरचे पाणी जुन्या पोत्याने टिपत होती. रिकाम्या घरात एकच पोते होते. त्याने सदरा काढला आणि त्याने फरशी पुसू लागला. तिने सांगितले, "तो नको, आतल्या खोलीत वर्तमानपत्रं आहेत." आठ महिन्यांनंतरचे पहिले वाक्य हे असे होते.

हक्कसोडपत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. बहिणीने सही केली नाही आणि भावाने मागितली नाही; या दोहोंतले आधी कोणते, हा वाद आम्ही मुद्दाम शिल्लक ठेवला आहे.

पुढचे लवकर सांगण्यासारखे आहे. बहीण सेट उत्तीर्ण झाली आणि २०११ साली दुसऱ्या जिल्ह्यात कायम नोकरीला लागली. भावाने जी.डी.सी. अँड ए.ची परीक्षा दिली आणि सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करू लागला. आज रत्नागिरीतल्या कित्येक गृहनिर्माण संस्थांची भांडणे त्याला तोंडपाठ आहेत. आमच्या हप्त्यांपेक्षा या दोन परीक्षांनीच कर्ज फेडले, असे म्हणणे अधिक खरे होईल. जून २०१२मध्ये रिझर्व्ह बँकेने तरत्या दराच्या गृहकर्जांवरचा मुदतपूर्व फेडीचा दंड बंद करायला लावला, तेव्हापासून हाताशी येईल ती रक्कम आम्ही मुद्दलात घालत गेलो. मध्ये एकदा, २०१३ साली, हुरूप येऊन दुसऱ्या एका इमारतीत नोंदणीची रक्कम भरली. तिचे खांबच तेवढे उभे राहिले, त्यांवर वेल चढले. पैसे चार वर्षांनी, बिनव्याजी, परत मिळाले. रेरा कायदा येईपर्यंत, म्हणजे २०१७च्या मे महिन्यापर्यंत, आमच्यासारख्यांना विचारायला दार नव्हते. तिसऱ्यांदा आम्ही कुठे काही घेतले नाही.

कर्ज २०१६ साली फिटले. बँकेने लाल फितीत बांधलेले मूळ दस्त परत दिले. बहिणीचे लग्न २०१०मध्येच झाले होते, तरी दस्तावर तिचे माहेरचे नाव आहे, आणि दर काही वर्षांनी कोणीतरी अधिकारी दोन्ही नावांची स्त्री एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र मागतो. ती ते करून देते. सदनिकेत सध्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारे दोन विद्यार्थी राहतात. त्यांचा करार अकरा महिन्यांचा आहे. भाडे वाढवताना आमच्यापैकी ज्याला फोन करावा लागतो त्याला मालकीणबाईंचा मुलगा आठवतो.

गृहकर्जावर चांगली मराठी कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही. गहाणावर पुष्कळ आहे: सावकार, लिलाव, उंबऱ्याबाहेर पडलेली बाई. आमच्या पिढीतली निम्मी माणसे आयुष्याची पंधरा-वीस वर्षे हप्ता या एका शब्दाभोवती काढतात, नोकरी बदलत नाहीत, भांडण मिटवतात किंवा मिटवत नाहीत, मूल पुढे ढकलतात. या सगळ्यात लिलाव होत नाही म्हणून बहुधा लेखकाला गोष्ट दिसत नसावी. वर्गात हे बोलून पाहिले, तर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, त्यात संघर्ष कुठे आहे?" तिला पासबुक दाखवावेसे वाटले होते.

सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी करतात तेव्हा, पूर्वीच्या पद्धतीत, ते खोडत नसत. नावाच्या दोन्ही बाजूंना कंस घालत. महसूल खात्यात त्याला 'कंस करणे' असेच म्हणतात. २०१९च्या मे महिन्यात आत्या गावी आली होती. डिजिटल स्वाक्षरीचे उतारे आदल्या वर्षापासून मोबाइलवर मिळू लागले होते, म्हणून तिला कौतुकाने आमच्या जमिनीचा उतारा काढून दाखवला. तिने अक्षर मोठे करायला सांगितले. बोट ठेवत एकेक नाव वाचले, मेलेल्यांचीही. स्वतःच्या नावापाशी आल्यावर विचारले, "हे दोन्ही बाजूंनी काय धरलंय मला?"

आम्ही सांगितले.

"खोडलं नाही ना? वाचता येतंय," ती म्हणाली, आणि पुढचे नाव वाचू लागली.

त्यानंतर सातबाऱ्याचा नमुना बदलला. २०२० सालच्या सुधारणेनंतरच्या उताऱ्यात कंसातल्या मजकुरावर आडवी रेघही मारलेली असते. आत्या अजून आहे, डोळे अधू झाले आहेत, दर मे महिन्यात उतारा वाचायला मागते. आम्ही तिला २०१९चाच दाखवतो.